जुन्या गाडीसाठी घेतलेल्या बॅटरी केबल्स: दीड वर्ष वापरून झाल्यावर

गाडी २००४ सालची, पेट्रोलवरची. आधी बाबा चालवायचे, आता मी चालवते. दीड वर्षापूर्वी तिच्या बॅटरीच्या दोन्ही जाड केबल्स मी स्वतः बदलल्या. त्यासाठी एक संच मागवला, तो परत पाठवला, मग दुसरा मागवला. आज लिहिते आहे ते या दुसऱ्या संचाबद्दल. पहिल्याबद्दलही थोडं सांगावं लागेल, कारण दोन्ही पाकिटांवरचा मजकूर जवळजवळ सारखाच होता आणि आत मात्र अगदी वेगळा माल निघाला.

केबल बदलायची वेळ का आली, ते आधी सांगते. चार वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या होत्या. थंडीत चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, जड आवाजात एक-दोन घेर घ्यायचा आणि थांबायचा. कधी नुसतं कट्-कट् व्हायचं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद पडायचे. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळालं: "ताई, बॅटरी बसली, नवीन टाका." मी टाकली. नवीन बॅटरीवर गाडी काही महिने बरी चालायची आणि मग पुन्हा तेच. तिसरी बॅटरी बसवून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी बोनट उघडून मल्टिमीटर हातात घेतला.

गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ फिरत नाही. मग वीज वाटेत कुठे तरी अडते आहे, हे उघड होतं.

ही अडणारी वीज पकडायची रीत सोपी आहे, आणि केबल विकत घेण्याआधी प्रत्येकाने ती करावी असं मला कळकळीने वाटतं. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा. मीटर डीसी २० व्होल्टवर लावायचा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर ठेवायचं. खुंटाला आवळून बसणाऱ्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर. दुसरं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. कुणाला तरी चावी फिरवायला सांगायची आणि सेल्फ फिरत असताना आकडा वाचायचा. तेवढे व्होल्ट त्या वाटेत वाया जात आहेत, असा त्याचा अर्थ. मग तसंच निगेटिव्ह बाजूला: एक टोक निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह, बाजूला ०.२ ते ०.३ च्या आत असेल, तर केबल ठीक आहे असं साधारण धरतात.

माझ्याकडे पॉझिटिव्हवर १.१ आणि निगेटिव्हवर १.२ आले. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंटांवर ११ व्होल्ट होते आणि सेल्फपर्यंत ८.७ च पोचत होते.

याच केबल्स काढल्यावर मी मीटरच्या ओहमच्या, म्हणजे अडथळ्याच्या, मापावर तपासल्या, तेव्हा दोन्ही 'उत्तम' दिसल्या. इथेच बहुतेक जण फसतात. आतल्या शंभर तारांपैकी पाच जरी धड असल्या तरी मीटरच्या त्या इवल्याशा करंटला वाट मिळते आणि आकडा शून्याजवळ येतो. सेल्फ मात्र दीडशे अँपिअरच्या आसपास मागतो. एवढ्या करंटला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून केबल तपासायची ती ओझं असतानाच, म्हणजे सेल्फ फिरत असताना.

आता जुन्या केबलबद्दल. बाहेरून ती फारशी वाईट दिसत नव्हती. क्लॅम्पभोवती पांढरी भुकटी आणि तिच्यात निळसर-हिरवा थर होता. पांढरं ते शिशाचं सल्फेट आणि निळं-हिरवं ते मुख्यतः मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. बॅटरीतून आम्लाची वाफ आणि बारीक तुषार खुंटाच्या कडेने बाहेर येतात आणि धातू खातात. ती भुकटी मी दरवर्षी घासून काढत होते आणि काम झालं असं समजत होते. केबल काढल्यावर मी ब्लेडने तिचं रबर उभं चिरलं. क्लॅम्पजवळच्या पहिल्या दोन बोटांत नुसती हिरवी पूड निघाली. त्यापुढे तारा काळ्या पडलेल्या, आणि बोटाने वाकवली की एकेक तार वाळलेल्या गवतासारखी तुटत होती. वीतभर आत गेले तरी तांब्याचा लाल रंग दिसेना. आम्लाचा ओलावा बारीक तारांच्या फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा आत चढत गेला होता. एवढी केबल बाहेरून काळीभोर, चकचकीत, चिरसुद्धा नसलेली! हातात मात्र ती कडक लागत होती आणि वाकवताना आतून करकर आवाज येत होता. जुन्या गाडीची केबल हाताने वाकवून बघा. कडक लागली किंवा क्लॅम्पजवळ फुगलेली दिसली, तर वरची भुकटी घासून काही उपयोग नाही.

क्लॅम्पच्या मागे केबल कापून दोन बोल्टचा तात्पुरता क्लॅम्प लावायचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी मानला नाही याचं आज समाधान आहे. कापून चांगलं तांबं लागायला वीतभराहून जास्त केबल गेली असती, आणि उरलेली खुंटापर्यंत पोचलीच नसती. शिवाय त्या क्लॅम्पमध्ये तारा उघड्याच राहतात, म्हणजे आम्लाला पुन्हा दार मोकळं.

पहिला संच. पाकिटावर '२५ चौरस मिलिमीटर, हेवी ड्यूटी, कॉपर' असं छापलेलं. हातात घेतला तेव्हाच तो हलका वाटला. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचं वजन मीटरला सुमारे २२४ ग्रॅम भरतं, तेही वरचं रबर सोडून. माझ्या हातातली केबल मीटरभराहून थोडी लांब होती आणि रबर, क्लॅम्प आणि लग (दुसऱ्या टोकाचा, बोल्टवर बसणारा भोकाचा तुकडा) धरूनसुद्धा तिचं वजन तेवढं भरेना. लगच्या तोंडाशी एक तार बाहेर आली होती, ती ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वीज वाहायची ताकद तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्याच कामाला ती केबल बरीच जाड हवी, आणि ही उलट बारीक होती. जाडी होती ती रबराची. त्यात बॅटरीच्या शेजारची आम्लाची हवा. मुलामा जिथे तुटतो तिथे तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओले होतात, आणि मग ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतं. मुलाम्याच्या तारेवर 'कॉपर' छापून विकणं ही मला सरळ फसवणूक वाटते, कारण घेणारा माणूस ती तार कापून बघणार नाही हे विकणाऱ्याला माहीत असतं. मी संच परत पाठवला.

दुसरा संच, जो आज गाडीत आहे. पॉझिटिव्ह केबल लाल, निगेटिव्ह काळी, दोन्ही २५ चौरस मिलिमीटर. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या, म्हणजे वरून कथलाचा थर. दिसायला त्याही पांढऱ्याच, म्हणून मनात शंका आली. एक तार खरवडली तर आतून लख्ख लाल. वजनही बरोबर भरलं. ही कल्हई नुसती शोभेची नाही. साध्या तांब्याला हवा आणि आम्ल लागून जो काळा-हिरवा थर चढतो, तो हिच्यामुळे बराच रोखला जातो. माझ्या जुन्या केबलचं जे झालं ते पाहिल्यावर मी याच एका गोष्टीसाठी हा संच पुन्हा घेईन.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे लगचं दाबकाम. क्रिम्प षटकोनी आहे आणि दोन ठिकाणी दाबलेला. लग पकडीत धरून मी केबल जोर लावून ओढली, पिळली, जराही हलली नाही. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, आहे. गरम केल्यावर तिच्या तोंडातून गोंदाची बारीक कड बाहेर आलेली स्पष्ट दिसते. साधी हीट श्रिंक नळी नुसती आवळून बसते, ओलावा अडवत नाही. गोंदवाली अडवते. संच तपासताना ही गोंदाची कड आवर्जून शोधा.

क्लॅम्पची मापंही नीट आहेत. पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा जाड असतो, आणि दोन्ही किंचित निमुळते असतात. इथे दोन्ही क्लॅम्प आपापल्या खुंटावर हाताने दाबून तळापर्यंत गेले आणि मग बोल्ट आवळला. वरवर बसलेला क्लॅम्प कितीही आवळला तरी त्याचा खुंटाशी संबंध कडेपुरताच राहतो.

आता उणिवा. पहिली उणीव मोठी आहे. माझ्या गाडीत पॉझिटिव्ह क्लॅम्पमधून दोन तारा निघतात: जाड सेल्फकडे आणि तिच्याहून बारीक फ्यूजच्या पेटीकडे. अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, चार्जिंगही त्याच बारीक तारेतून येतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत अशीच रचना असते. या संचात दुसऱ्या तारेची सोय नाही. क्लॅम्पच्या बोल्टवर आणखी एक लग बसेल एवढी जागा आहे, इतकंच. बारीक तारेचं जुनं टोक कापून, तांबं लाल दिसेपर्यंत मागे जाऊन, मला नवीन लग दाबून घ्यावा लागला. तार पुरेशी लांब होती म्हणून निभावलं. वर्णनात याचा एक शब्द नाही, आणि गाडी उघडून बसल्यावर हे लक्षात आलं तर माणसाची किती पंचाईत होईल!

दुसरी, क्लॅम्पचे नट-बोल्ट साध्या लोखंडाचे, पातळ मुलाम्याचे. आठ महिन्यांत निगेटिव्हच्या नटावर गंज दिसला. मी दोन्ही बोल्ट स्टेनलेसचे घातले. चांगल्या केबलला असे बोल्ट द्यायला नको होते. तिसरी, रबर थंडीत बरंच कडक होतं आणि सेल्फजवळच्या अरुंद वळणावर केबल वळवायला त्रास होतो. बसवण्याआधी ती तासभर उन्हात ठेवली, मग नरम आली.

संचात इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी येत नाही. ती मी वेगळी घेतली, आणि तुम्हीही घ्या. निगेटिव्ह केबल इंजिनला जाते की बॉडीला, हे गाडीगणिक वेगळं असतं, पण या दोघांना जोडणारी पट्टी असतेच, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती तुटली की सेल्फचा परतीचा करंट मिळेल ती वाट धरतो, ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची तारसुद्धा. त्या तारा त्यासाठी बनलेल्याच नसतात, तापून जळतात. माझ्या गाडीतल्या पट्टीचे निम्मे पेड तुटलेले होते आणि बॉडीच्या बोल्टखाली गंजाचा थर होता. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि मगच नवीन पट्टी लावली.

बसवायला अडीच तास लागले, त्यातला तासभर जुना क्लॅम्प काढण्यात. तो खुंटाला चिकटून बसला होता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, हातोडी तर अजिबात नको. खुंट आतून प्लेटांना जोडलेला असतो, तो जोड तडकला की चांगली बॅटरी जाते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून मी ब्रशने लावला. फसफसून फेस आला, आणि तो यायचा थांबेपर्यंत लावत राहिले. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही, नाही तर ते आतलं आम्लच मारतं. मग पुलरने, म्हणजे क्लॅम्प ओढून काढायच्या हत्याराने, क्लॅम्प सरळ वर ओढला. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे घालूनच हे करायचं.

निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, हा क्रम चुकवू नका. निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना गाडीच्या बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. पाना लाल होतो, ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असेल तर स्फोटही होतो. निगेटिव्ह सुटलेला असेल तर तोच पाना टेकूनही काही होत नाही.

नवीन केबल जुन्या केबलच्याच वाटेने, जुन्याच चिमट्यांतून नेली. सेल्फकडे जाणाऱ्या या केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या धारेवर घासली किंवा सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपला लागली तर आगच. म्हणून मी पूर्ण लांबीवर नालीदार प्लॅस्टिकची नळी चढवली. संचासोबत ती मिळते, पण वीतभर कमी पडली. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. घड्याळ पुन्हा लावावं लागलं, आणि पहिल्या दिवशी इंजिन सिग्नलला थोडं वर-खाली होत होतं, मग आपोआप स्थिरावलं. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

आता आकडे. बसवल्या दिवशी पॉझिटिव्ह बाजूला ०.२ आणि अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टची घट आली. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.६ व्होल्ट आणि सेल्फवर १०.३. बॅटरीचा आकडा आधीच्या ११ वरून खाली आला, हे पाहून घाबरायचं कारण नाही. सेल्फला आता हवा तेवढा करंट मिळतो आणि तो बॅटरीकडून तेवढा घेतो. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हाचा सेल्फचा आवाज मी विसरणार नाही. बाबांच्या वेळी गाडी अशीच झटक्यात उठायची. इतकी वर्षं मी त्या जड आवाजाला तिचं म्हातारपण समजत होते.

चार्जिंगही सुधारलं. आधी इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.३ व्होल्ट असायचे आणि बॅटरीवर १३.६. आता बॅटरीवर १४.२ मिळतात. आधीच्या दोन बॅटऱ्या कशाने गेल्या असाव्यात ते मला हा आकडा पाहून कळलं. वर्षानुवर्षं त्या पूर्ण भरल्याच जात नव्हत्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ते निघत नाही. नवी बॅटरी त्याच कुजक्या केबलला जोडली की तीही त्याच वाटेने जाते. तिसरी बॅटरी, जी तेव्हा जायच्या बेतात आहे असं मला सांगितलं होतं, ती आजही गाडीत आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं. पॉझिटिव्ह ०.२, अर्थ ०.१५. अर्थचा नट थोडा सैल होता, आवळल्यावर पुन्हा ०.१ झालं. क्लॅम्पभोवती भुकटी नाही. हीट श्रिंकची गोंदाची कड अजून तशीच चिकटलेली आहे, आणि केबल वाकवली की आतून काही आवाज येत नाही.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो फ्यूजच्या तारेची सोय नसल्याबद्दल आणि त्या लोखंडी बोल्टांबद्दल. मागवण्याआधी जुन्या केबलची लांबी तिच्या वळणावळणाने दोरी लावून मोजा, सरळ अंतर मोजू नका. सेल्फच्या बाजूच्या बोल्टचं मापही घ्या. या संचातल्या लगचं भोक ८ मिलिमीटरचं आहे, १० च्या बोल्टवर ते बसणार नाही. आणि गाडी अलीकडची असून निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सरची छोटी डबी असेल, तर हा संच घेऊ नका. त्या गाडीला तिचीच केबल लागते.